उंबऱ्यावरून दिसणारा टीव्ही

ताना अन् मी एका भिंतीच्या दोन बाजूंनी राहतो. घाटंजीत आमच्या ओळीतले घरं असे चिकटून बांधले आहे की तिच्या घरी फोडणी पडली की शिंक मले येते. मी शमसुन्निसा. ब्लाऊज शिवते, साड्यांले फॉल लावते, अन् जे असीन ते तोंडावर बोलते. तोंडावर बोलते म्हणून माह्या दोन जावा माह्याशी बोलत नाही, त्याचं मले काडीचंही वाटत नाही. पण तानाचं आठवलं की मले आजही राग येते, अन् तो नेमका कोणावर काढावा ते समजत नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते, तुम्हीच ठरवा.

तानाबाई म्हणजे पुंडलिकरावांची बायको. पुंडलिकराव जिनिंगमध्ये कारकून होते, आता घरीच असते. वावर आहे, ते बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर दिलेलं. पोरगी सोनू लग्न होऊन वर्ध्याले गेली. घरात राहिला आयुष. तो मले खाला, म्हणजे मावशी म्हणते, त्याले मी अजून पोट्टा म्हणते, पण चांगला मिशा फुटलेला माणूस आहे, बियाण्याच्या कंपनीत नोकरी करते. दिवसभर मोटरसायकलवर खेडे फिरते अन् सांजच्याले घरी आला की हातपाय धुऊन गेम खेळत बसते. माणसं सगळे चांगले आहे. कोणी दारू पीत नाही, कोणी हात उचलत नाही. हे आधीच सांगून ठेवते, नाही तं तुम्ही भलताच विचार करसान.

ताना माह्याहून दोन-चार वर्षांनी मोठी असीन. तिले रंगाची नजर आहे. म्हणजे अशी नजर की माह्यी अर्धी शिलाई तिच्या भरवशावर चालली. बाया साडी घेऊन येते, त्या साडीले फॉल अन् धागा जुळवाव लागते, अन् रामा कलर कुठं संपते अन् मोरपंखी कुठं सुरू होते ते मले जिंदगीत समजलं नाही. मी भिंतीवर थाप मारायची, ताना हात पुसत यायची, रिळांच्या डब्यात एक बोट फिरवायची अन् म्हणायची, "हा नाही, त्याच्या बाजूचा." झालं काम. कधी चुकली नाही. चहा घे म्हटलं तं घ्यायची, नाही म्हटलं तं तशीच जायची.

तिची आई तिच्याजवळच होती. तानाले भाऊ नव्हता, म्हणून बुढी आंधळी झाल्यावर तिनं इथंच आणली. बुढीले काचबिंदू झालता. मोतीबिंदूचं बरं असते, ऑपरेशन केलं की नजर येते. काचबिंदूत गेलेली नजर गेलीच. तानानं त्या आईचं सगळं केलं. न्हाऊ घातलं, वेणी घातली, जेवताना बाजूले बसून सांगायची, "भाजी तुह्या अंगठ्याकडं आहे, चटणी पल्याडच्या बाजूले." भिंतीतून मले रोज ऐकू यायचं. सासरी आईले ठेवलं म्हणून लोकं बोलले, पुंडलिकरावांनी मात्र एका शब्दानं म्हटलं नाही, हेही खरं आहे.

बुढी गेली, त्याले दोन वर्षं होऊन गेले. ताना रडली नाही. आम्ही बाया म्हणत राहिलो, रड वं, मोकळी हो, पण ती नुसती बसून होती. अन् मंग तशीच राहिली. विचारलं तं उत्तर द्यायची, नाही विचारलं तं नाही. जिथं हसायचं तिथं हसायची. स्वयंपाक टाइमावर, धुणं टाइमावर. फक्त ती त्यात नव्हती. मी तिले एकदा विचारलंही, "ताना, काय होऊन राह्यलं तुले?" तं म्हणे, "काही नाही होत. तेच होऊन राह्यलं." मी म्हटलं, चाल येडे. आता वाटते तेव्हाच दम धरून ऐकून घ्यायले पायजे होतं.

असं सुरू असताना त्यांचा जुना टीव्ही बसला. अन् त्या घरात जे महाभारत सुरू झालं ते विचारू नका.

पुंडलिकरावांले सिनेमाचं वेड. जवानीत हा माणूस फक्त सिनेमा पाहायले यवतमाळले जायचा अन् मिळीन त्या ट्रकनं परत यायचा. त्याईचं म्हणणं एकच, काळं म्हणजे काळं दिसलं पायजे. "रात्रीचा सीन आहे अन् पडदा राखोडी दिसून राह्यला, तं तो सिनेमा कायचा?" म्हणून त्याईले ओएलईडी पायजे होता. त्याच्यात म्हणे पडद्यावरच्या प्रत्येक टिकलीले आपला आपला उजेड असते, बंद झाली की पूर्ण अंधार. त्याईचे दोस्त हरिसिंग, दिग्रसचे, त्याईच्या घरी तसला आहे, तिथं पाहून आल्यापासून पुंडलिकरावांच्या डोक्यात तेच.

आयुषले ते नको. तो म्हणे, "पप्पा, गेममध्ये एका कोपऱ्यात नकाशा असते, खाली गोळ्यांचा आकडा असते. ते तासन् तास हालत नाही. ओएलईडीवर त्याचा डाग पडते, मंग तुमच्या हिरोच्या कपाळावर माह्या बंदुकीचा आकडा दिसीन." अन् दुसरं म्हणजे त्यांची समोरची खोली. दार पश्चिमेले, दिवसभर सताड उघडं, आमच्या इकडं दिवसा दार लावून कोणी बसत नाही. लावलं तं शेजारी विचारायले येते, काय झालं जी, कोणाचं काही कमीजास्त तं नाही? त्या उजेडात ओएलईडी फिका पडीन, असं आयुषचं म्हणणं. त्याले झगझगीत उजेडाचा एलईडी पायजे होता, अन् वरून जास्त हर्ट्झचा.

"हर्ट्झ म्हणजे काय रे बावा?"

"एका सेकंदात चित्र किती खेपा बदलते ते."

"मले एकाच खेपेत दिसते," पुंडलिकराव म्हणे.

हे मी माह्या घरात मशीनवर बसून ऐकलेलं आहे. बाप-लेक एरवी एकमेकांशी 'पेट्रोल आहे का' अन् 'जेवला का' याच्या पलीकडं बोलत नव्हते. या टीव्हीच्या पायी रोज बोलायले लागले. आयुष मोबाइलवर व्हिडिओ लावे, कोणता पडदा चांगला, कोणत्यात काय खोट, अन् आवाज इतका मोठा की ब्लाऊजचे हूक लावता लावता मीही अर्धी मेकॅनिक झाली. तानाले मात्र कोणी विचारलं नाही. तिनंही कधी तोंड घातलं नाही. ती दोघांच्या मधातून चहाचे कप उचलून न्यायची.

शेवटी त्यांले मधला रस्ता सापडला. मिनी एलईडी. त्याच्या मागं बारीक बारीक दिवे, पडद्यावर जिथं अंधार असीन तिथले दिवे विझते. काळंही बऱ्यापैकी काळं, उजेड भरपूर, डागाची भीती नाही, हर्ट्झही पायजे तितके. दोघंही खूश. पाहायले यवतमाळले गेले. तानानं सोबत पोळ्या अन् शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. मी म्हटलं, "तू नाही जात?" तं पुंडलिकरावच म्हणे, "तिले काय समजते भाभी त्यातलं." तानानं डब्याची पिशवी आयुषच्या हाती दिली. अन् दुकानात हे दोघं, हे मले आयुषनंच कौतुकानं सांगितलं, टीव्हीच्या बरोब्बर समोर उभे राहिले, लग्नात फोटो काढायले राहतात तसे, अन् दुकानदारानं एक एक टीव्ही लावून दाखवला. दोघांचंही बोट एकाच टीव्हीवर गेलं.

टीव्ही लागला त्या दिवशी अर्धी गल्ली तिथं. खोलीच्या भिंतीएवढा पडदा. त्याच्यावर समुद्र लावला, पोपट लावले, कुठल्या तरी देशातल्या फुलांचा बाजार लावला. मी सोफ्यावर मधोमध बसली होती अन् खरं सांगते, माह्या तोंडातून "माशाअल्लाह" निघून गेलं. असा हिरवा मी पावसाळ्यातही पाहिला नव्हता. पुंडलिकरावांनी एक रात्रीचा सीन लावला अन् उठून पडद्याजवळ जाऊन काळ्या रंगावर हात फिरवून पाहिला. पोराकडं वळून म्हणे, "मानलं लेका." आयुष नवरदेवासारखा लाजला.

ताना तिच्या जागेवर होती. तिची जागा सांगाव लागीन. टीव्हीच्या भिंतीले लागून जो कोपरा आहे, तिथं स्वयंपाकघराचं दार. त्या दाराच्या उंबऱ्याजवळ एक पाट. लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्यासमोर सुनेनं बसायची चाल नव्हती, म्हणून ती तिथून पदर घेऊन टीव्ही पाहायची. तिथून गॅसही दिसते, हाक मारली की उठताही येते. सासरा जाऊन जमाना झाला, पदर डोक्यावरून खांद्यावर आला, पण पाट तिथंच राहिला. कोणी तिले समोर ये म्हटलं नाही अन् तिनं जागा मागितली नाही. आमच्या गल्लीत अर्ध्या बाया अशाच पाहते टीव्ही, दाराच्या चौकटीतून.

"कसा आहे वं?" मी तिले ओरडून विचारलं.

"छान आहे," ताना म्हणाली.

त्याच्यानंतर काही दिवसांनी मी भिंतीवर थाप मारली. एक जांभळी साडी आलती, तिले धागा जुळवायचा होता. ताना आली, डब्याकडं पाहिलं, अन् हात न लावता म्हणाली, "तूच पाह्य."

"मले समजलं असतं तं तुले कायले बोलावलं असतं?"

"तूच पाह्य आता. सवय कर."

मले राग आला. मले वाटलं हिले भाव चढला, घरी मोठा टीव्ही आला म्हणून. मी माह्या मनानं धागा लावला अन् ती साडीवाली बाई माह्याशी भांडून गेली. मंग मीही चार दिवस थाप मारली नाही. भिंतीपलीकडून बरण्या सरकवल्याचा आवाज यायचा. मीठ इकडं, तिखट तिकडं. मले वाटलं बाई साफसफाई करून राह्यली.

एका दुपारी माह्याकडचं दही लागलं नाही, म्हणून विरजण मागायले गेली. मागच्या दारानं जाते मी, विचारून कधी गेली नाही. ताना भाकरी थापून राह्यली होती. परातीत ज्वारीचं पीठ, तवा तापलेला, अन् बाईचे डोळे बंद. गच्च बंद. भाकरी थापून झाली, ती तळहातावर घेतली, दुसऱ्या हातानं तव्याचा काठ हवेतूनच अंदाजला अन् टाकली. बरोबर मधात पडली.

"डोळे काहून मिटले वं?" मी दारातूनच ओरडली. "जळायचं आहे का?"

ती दचकली नाही. भाकरीवर पाणी फिरवलं, मंग डोळे उघडले.

"शिकून राह्यली."

"काय?"

"नाही दिसलं तं जमलं पायजे."

मी विरजणाची वाटी खाली ठेवली अन् तिच्यासमोर फतकल मारून बसली. मंग तिनं सांगितलं. रडतपडत नाही, तं बाजाराच्या गोष्टी सांगावं तसं. टीव्हीवर माणसांचे तोंडं तिले मातीसारखे दिसते. लाल साडी राखेसारखी दिसते. काळ्याच्या जागी पांढुरकं धुकं दिसते. बाकी सगळे म्हणते काय रंग आहे, काय रंग आहे, अन् तिले तं रंगच दिसत नाही. धाग्यांचे रंग अजून दिसते, पण त्यांचा तिले भरवसा राहिला नव्हता.

"आईचं असंच सुरू झालतं," ताना म्हणाली. "पहिले रंग गेले. लुगडं लाल आहे की कथ्थई, ते मले विचारे. मंग बाकीचं गेलं."

"कधीपासून आहे हे?"

"नवा टीव्ही आला तवापासून. जुन्यावर लक्षात नसीन आलं. हा चांगला आहे म्हणून माह्यी खोट समजली."

आता तुम्ही म्हणसान, शमा, इतकं ऐकून तुले समजलं नाही? नाही समजलं. मी त्या सोफ्यावर बसून माशाअल्लाह म्हटलेलं होतं. टीव्ही चांगला आहे हे सगळ्या गल्लीनं पाहिलेलं. मंग खोट कोणात? बाईतच. मीही तेच धरलं.

"घरी सांगितलं?"

"नाही."

"काहून?"

"सांगून काय? हे म्हणतीन वय झालं. पोट्टा म्हणीन ऑपरेशन करू. याच्यात ऑपरेशननं नजर येत नाही, मले माहीत आहे ना." तिनं भाकरी उलटवली. "आईले मी होती. मले मीच आहे."

मी विचारलं, "भीती वाटते का?"

तिनं खरंच विचार केला. "नाही. काहीच नाही वाटत. आंधळी होऊन राह्यली मी अन् मले काहीच नाही वाटत. त्याचंच नवल वाटते."

मले रडू आलं अन् राग आला, दोन्ही एकदम. माह्याजवळ राग जास्त, म्हणून मी तिच्यावरच ओरडली. म्हटलं, बाजाराच्या दिवशी यवतमाळचा डोळ्यांचा डॉक्टर येते, चूपचाप चाल माह्यासोबत, नाही तं आता जाऊन तुह्या नवऱ्याले सांगते. ती म्हणे, चाल.

घरी आम्ही सांगितलं, बाजाराले चाललो. डॉक्टर तरुण होता, चांगला होता, घाई केली नाही. मशीनवर हनुवटी ठेवायले लावली, डोळ्यात हवेचा फुसका मारला, बॅटरी टाकून आतून पाहिलं. मंग एक पुस्तक दाखवलं, त्याच्यात रंगीत ठिपके अन् ठिपक्यांत लपलेले आकडे. तानानं सगळे आकडे सांगितले. एक तं मले दिसला नाही तोही तिनं सांगितला. डॉक्टर म्हणे, "मावशी, डोळ्याचं प्रेशर बरोबर आहे, नस चांगली आहे, रंग एकदम बरोबर. जवळचं पाहायले चष्मा लागीन, बस."

मी तिथंच डॉक्टरले दुआ दिल्या. ताना म्हणाली, "हं."

बाहेर येऊन आम्ही मेथी घेतली. ती एक एक जुडी उलटून पाहत होती.

"अवं, ऐकलं का तू? चांगले आहे तुह्ये डोळे!"

"आईलेही पहिल्या खेपेले चष्माच दिलता," ताना म्हणाली. "अन् चांगले आहे तं टीव्हीत काहून दिसत नाही?"

मले उत्तर नसलं की झोप येत नाही. मी म्हटलं, सांजच्याले मी येते अन् तू काय पाहते ते मीच पाहते.

सांजच्याले गेली. आयुष सोफ्यावर गेम खेळत होता, पुंडलिकराव बाजूले बसून आपल्या पाळीची वाट पाहत होते. मले म्हणे, "या भाभी, बसा." सोफ्यावर सरकले. मी म्हटलं, नाही, मी तानाजवळ बसते. उंबऱ्यापाशी तिच्या पाटाले लागून खाली बसली अन् मान वर केली.

गाड्यांची शर्यत होती. आयुष एका गाडीले घेऊन चालला होता, आकाश पांढुरकं, रस्ता पांढुरका, झाडं उन्हात वाळत घातलेल्या जुन्या कपड्यांसारखे. माणसाचं तोंड दिसलं तं जसं राख फासलेलं.

"या अल्लाह," मी तानाच्या कानात म्हटलं, "माह्येही गेले."

ताना माह्याकडं पाहत राहिली.

मी उठली. घाबरून उठली, घरी जावं म्हणून. दोन पावलं खोलीत आली अन् आकाश निळं झालं. अजून पुढं आली, गाडी लाल झाली. अशी लाल की कुंकू. मी मागं सरकली, लाल उडाली. पुढं गेली, लाल आली. मी पुढं-मागं, पुढं-मागं करायले लागली, बरोब्बर त्या पोट्ट्याच्या समोरून.

"खाला! मधात नका येऊ ना, मी मेलो!"

"मर," मी म्हटलं. "पहिले ते बंद कर अन् मले सांग, हे काय आहे? इथून लाल अन् तिथून राख?"

आयुषनं गेम थांबवला. गाडी पडद्यावर तशीच उभी राहिली. "हां, ते," तो म्हणे. "ते तसंच असते खाला. व्हीए पॅनल आहे हा. समोरून एक नंबर, साइडनं रंग उडते. दुसरा पॅनल घेतला असता तं साइडनंही सारखा दिसला असता, पण मंग पप्पाले पायजे तसं काळं नसतं आलं."

"म्हणजे तुले माहीत होतं?"

"हो ना. सगळ्या व्हिडिओत सांगते. आम्ही दोघांनी विचारही केलता त्याचा." त्यानं हात पसरून खोली दाखवली, सोफा, सोफ्यासमोरची सतरंजी. "पण आपल्या घरी साइडले बसते कोण?"

भोळेपणानं म्हणाला तो. मनात काही नव्हतं त्याच्या, म्हणूनच मले जास्त लागलं. पुंडलिकराव सोफ्याच्या हातावर बोट वाजवत होते, ते वाजवणं थांबलं.

"मी," ताना म्हणाली.

मंग माह्यं तोंड सुटलं. सगळं सांगून टाकलं मी, तिनं डोळ्यानं खूण केली तरी. राखेसारखे तोंडं, बुढीचे रंग, बरण्या काहून सरकवल्या, डोळे मिटून भाकरी कशी टाकते, यवतमाळचा डॉक्टर. म्हटलं, तुम्ही दोघं काळ्याचा काळेपणा मोजत होते अन् ही बाई इथं आंधळी व्हायची प्रॅक्टिस करत होती. आयुषचं तोंड उतरलं. तो एकदा टीव्हीकडं पाहे, एकदा पाटाकडं. उठून उंबऱ्यापाशी गेला, खाली वाकला, आईच्या डोक्याजवळ डोकं नेऊन तिथून पडदा पाहिला, अन् तिथंच उकिडवा बसून राहिला.

"ये, इथं बैस तू," पुंडलिकराव म्हणाले. सोफ्याची मधली जागा हातानं झाडली.

ताना उठली, आली, बसली. पाय वर घेतले नाही, टेकूनही बसली नाही. समोर ती गाडी उभी होती.

"लाल आहे," ती म्हणाली.

मले वाटलं आता रडीन, नाही तं हसीन. माणसाले डोळे परत भेटले, लहान गोष्ट आहे का? पण तिच्या चेहऱ्यावर काही आलं नाही. तिनं लाल पाहिलं, निळं पाहिलं, अन् हात मांडीवर ठेवून बसली. तिले कोणी दुसऱ्याचं घर दाखवून राह्यलं असं ती पाहत होती. मी तिच्याजागी वाट पाहिली, तिच्याजागी खूश झाली, अन् काही उपयोग झाला नाही.

आयुष म्हणाला, "आई, टीव्ही फिरवायचा स्टँड येते. उद्याच लावतो. तुह्याकडं वळवता येईन."

"असू दे," ताना म्हणाली.

पुंडलिकरावांले ते 'असू दे' लागलं. माणूस वाईट नाही, पण चूक निघाली की आधी आवाज चढते, आमच्याकडच्या सगळ्याच माणसांचा चढते. "असू दे काय, असू दे काय?" ते म्हणाले. "अवं, इतकी मोठी गोष्ट, घरात सांगायची नाही का माणसानं? इतके दिवस मनात ठेवून फिरली! समजा खरंच गेले असते तुह्ये डोळे. तं काय, आम्हाले समजलं नसतं?"

तानानं त्याईच्याकडं पाहिलं. सरळ, समोरून.

"नसतं समजलं," ती म्हणाली. "मी सगळं शिकून घेतलतं."

रागानं म्हणाली असती तं बरं झालं असतं, आम्ही तिघांनी काही तरी उत्तर दिलं असतं. तुरीची डाळ संपली हे सांगावं तसं तिनं ते सांगितलं, अन् भाजी खाली लागून राह्यली म्हणून गॅस बंद करायले आत गेली.